पेशींची साक्ष

तपासणीच्या अहवालात ‘असामान्य पेशी आढळल्या’ एवढे शब्द वाचले, तरी मनात धस्स होते. कोणी तो कागद घडी घालून कपाटात ठेवून देतो. कोणी त्यालाच कर्करोगाचा अंतिम निर्णय मानतो. या दोन्ही चुका घातक ठरू शकतात. म्हणून असा अहवाल नेमके काय सांगतो, हे समजून घेतले पाहिजे.

गर्भाशयमुखाची पॅप तपासणी हे त्याचे परिचित उदाहरण होय. ग्रीसमध्ये जन्मलेले व अमेरिकेत संशोधन करणारे जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या नावावरून ती ओळखली जाते. ट्राऊट या सहकाऱ्यासह त्यांनी 1943 मध्ये या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. या तपासणीत गर्भाशयमुखावरील पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

निरोगी पेशीचे केंद्रक लहान व नीटस असते. पेशी बिघडू लागली की केंद्रक मोठे होते, गडद दिसते, त्याची कड वेडीवाकडी होते. मात्र प्रत्येक बदल कर्करोगाकडे नेणारा नसतो. जंतुसंसर्ग, दाह किंवा रजोनिवृत्तीनंतरचा संप्रेरकांचा अभाव यांमुळेही पेशींचे रूप पालटते. म्हणूनच स्त्रीचे वय, पाळीची तारीख व पूर्वीचे आजार यांची नोंद तज्ज्ञाला हवी असते.

अहवालांच्या भाषेत एकवाक्यता यावी, यासाठी 1988 मध्ये ‘बेथेस्डा पद्धती’ तयार झाली. काचपट्टीवर पेशी फारच थोड्या असतील किंवा बहुतेक पेशी रक्ताने झाकल्या असतील, तर ‘नमुना अपुरा’ असे लिहितात. याचा अर्थ ‘दोष नाही’ असा नव्हे. नमुना पुन्हा द्यावा लागतो. बदल दिसतो, पण त्याचा अर्थ निश्चित सांगता येत नाही, अशा नमुन्यांसाठी वेगळा गट आहे. त्यापुढे सौम्य व तीव्र बदलांचे गट येतात.

अनिश्चित अहवाल आल्यास एच.पी.व्ही. या विषाणूची चाचणी उपयोगी पडते, कारण गर्भाशयमुखाचे जवळजवळ सर्व कर्करोग या विषाणूच्या दीर्घकालीन संसर्गातून उद्भवतात. विषाणू न आढळल्यास धोका फारच कमी असतो. तो आढळल्यास, किंवा बदल तीव्र असल्यास, कॉल्पोस्कोप या भिंगयुक्त उपकरणाने गर्भाशयमुख तपासतात. संशयास्पद जागेचा लहानसा तुकडा काढून त्याची तपासणी करतात. तिला बायॉप्सी म्हणतात. रोगाचे निश्चित निदान या तुकड्यावरूनच होते.

पेशींतील बदलांपासून कर्करोग होण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. या काळात बिघडलेला भाग काढून टाकला, तर कर्करोग टाळता येतो. ही मुदत उपचारासाठी आहे, दुर्लक्षासाठी नव्हे. ‘निश्चित सांगता येत नाही’ असे लिहिणारा तज्ज्ञ आपले काम टाळत नसतो. अपुऱ्या पुराव्यावर निकाल न देण्याचा प्रामाणिकपणा तो दाखवत असतो. पुढच्या तपासणीला वेळेवर जाणे, हे त्यानंतरचे काम मात्र रुग्णाचे असते.