तरुण स्तनकर्करुग्ण : उपचाराला आधार, उर्वरित आयुष्याचे काय?

नवी दिल्ली : भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना तो नव्याने झाला, तर ९८ हजारांहून अधिक महिला त्यामुळे दगावल्या. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतीय महिलांना हा आजार सरासरी सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. देशाची लोकसंख्या तरुण असणे हे त्याचे एक कारण आहे. मात्र त्यामुळे विशी-तिशीतील रुग्णांच्या अडचणी कमी होत नाहीत.

पहिली अडचण निदानाची. सरकारी कार्यक्रमातील स्तनतपासणी तिशीनंतर सुरू होते. त्याआधी आलेली गाठ स्त्रीने स्वतः ओळखावी लागते आणि घरच्यांनी ती गांभीर्याने घ्यावी लागते. अंगावर पाजणाऱ्या मातेची गाठ तर दूध साचल्याची समजून अनेकदा दुर्लक्षिली जाते. तरुण वयात स्तनाच्या ऊती दाट असल्याने मॅमोग्राफीतही गाठ लपू शकते. मग सोनोग्राफी आणि बायोप्सीसाठी शहर गाठावे लागते.

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीसाठी हा मोठाच आधार ठरतो. पण बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यातून होत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेतील पात्र कामगाराला कर्करोगात वेतनाच्या ८० टक्के लाभ कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. शेतमजूर किंवा घरकाम करणाऱ्या स्त्रीला असे कवच नाही. तान्हे मूल कोणाकडे ठेवायचे, हा प्रश्न तर कोणत्याच अर्जात विचारला जात नाही.

सर्वांत कमी बोलला जाणारा विषय मातृत्वाचा आहे. केमोथेरपीमुळे बीजकोशांना इजा होऊ शकते. त्यामुळे बीजांडे किंवा भ्रूण गोठवून ठेवायचे असतील, तर ते उपचारांपूर्वीच करणे श्रेयस्कर; त्यासाठी साधारण दोन आठवडे लागतात. निदानाच्या धक्क्यात हे दिवस सहज निसटतात. संप्रेरक-संवेदनशील कर्करोगात पुढे किमान पाच वर्षे गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या काळात गर्भधारणा टाळावी लागते. काही निवडक रुग्णांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गोळ्या तात्पुरत्या थांबवून मूल होऊ देता येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशा विरामामुळे अल्पकाळात आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही.

कायद्याची येथे आडकाठी नाही. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायदा, २०२१ नुसार अविवाहित प्रौढ स्त्रीलाही वयाची अट पूर्ण करून या सेवा घेता येतात. परंतु आयुष्मान भारतच्या संरक्षणातून प्रजनन उपचार वगळलेले आहेत. शस्त्रक्रिया मोफत झालेल्या स्त्रीलाही बीजांडे गोठवण्याचा आणि ती वर्षानुवर्षे जपण्याचा खर्च स्वतःच उचलावा लागतो.