खेळातले यान आणि आइन्स्टाइनचे घड्याळ



या सत्राच्या पालक सभेत काही पालकांनी तक्रार केली की, नववी-दहावीची मुले घरी संगणकावर अंतराळयानाचा खेळ तासन् तास खेळतात, शाळेने त्यांना समज द्यावी. त्याच आठवड्यात नववीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, खेळात इंधन न संपण्याची सवलत घेतली आणि वेग वाढवतच नेला, तर यान प्रकाशाच्याही पुढे जाते. खरे यान जाईल का?" तक्रारीचे आणि प्रश्नाचे उत्तर एकत्रच देतो.

खेळाचे नाव कर्बल स्पेस प्रोग्राम. मेक्सिकोतल्या स्क्वाड या कंपनीने तो २०११ मध्ये प्रथम लोकांपुढे आणला. यात मारामारी नाही. रॉकेट जोडायचे, इंधन मोजायचे, उडवायचे आणि बहुतेक वेळा ते कोसळताना पाहायचे. पण यात एक गोष्ट अशी शिकायला मिळते की जी फळ्यावर शिकवून पटत नाही. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-४ यानातील जेम्स मॅकडिव्हिट यांना, यानापासून सुटलेल्या रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचे होते. त्यांनी त्याच्या दिशेने इंजिन चालवले, पण अंतर काही मिटेना. शेवटी इंधन वाचवण्यासाठी तो नाद सोडावा लागला. कारण कक्षेत वेग वाढवला की यान मोठ्या, वरच्या कक्षेत चढते, तिथे एका फेरीला वेळ जास्त लागतो आणि यान मागे पडते. पुढच्याला गाठायचे तर आधी वेग कमी करून खाली उतरायचे! आपल्या स्कूटरच्या अनुभवाच्या हे अगदी उलट आहे. खेळात दहा वेळा फसलेल्या मुलाला मात्र ते कायमचे समजते.

चंद्रयान-३ चे तसेच. ते १४ जुलै २०२३ ला उडाले आणि २३ ऑगस्टला चंद्रावर उतरले. १९६९ मध्ये अपोलो-११ चे यान चार दिवसांत उतरले होते. आपले रॉकेट लहान होते, म्हणून यान पृथ्वीच्या जवळ आले की थोडे इंजिन चालवायचे, त्याने कक्षेचे दुसरे टोक आणखी लांब जायचे, असे पुन्हा पुन्हा करून ते चंद्रापर्यंत नेले. हा खेळ खेळणाऱ्याला त्यामागची काटकसर सांगावी लागत नाही.

आता प्रश्नाचे उत्तर. नाही, खरे यान प्रकाशाच्या पुढे जाणार नाही. खेळात जाते, कारण खेळ हा एक प्रोग्राम आहे आणि त्याला न्यूटनचे नियम दिले आहेत, आइन्स्टाइनचे नाहीत. जो नियम लिहिलाच नाही, तो संगणक स्वतःहून पाळत नाही. रॉकेटच्या रोजच्या वेगांना न्यूटन पुरतो, म्हणून खेळ करणाऱ्यांनी आइन्स्टाइनला बोलावले नाही.

पण घड्याळाला त्याची गरज पडते. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने सांगितले की वेगाने जाणारे घड्याळ हळू चालते. १९१५ मध्ये त्याने पुढे सांगितले की गुरुत्वाकर्षण कमी तिथे घड्याळ जलद चालते. मोबाइलला जागा सांगणारे जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर, ताशी जवळजवळ १४,००० किलोमीटर वेगाने फिरतात. वेगामुळे त्यांचे घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडते, उंचीमुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. म्हणजे एकूण ३८ पुढे. एका मायक्रोसेकंदात प्रकाश ३०० मीटर जातो. गुणाकार करा: एका दिवसाची चूक अकरा किलोमीटरहून जास्त. इंदुरात राजवाड्यावर उभ्या असलेल्या माणसाला फोन राऊकडे कुठेतरी दाखवील! १९७७ च्या चाचणी उपग्रहात ही दुरुस्ती पहिले वीस दिवस मुद्दाम बंद ठेवली होती. घड्याळ जवळजवळ हिशेबाइतकेच पुढे गेले. आता ही घड्याळे जमिनीवरच तेवढी हळू लावून पाठवतात. आपल्या नाविक प्रणालीसाठी २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात तर अहमदाबादला तयार झालेले भारतीय अणुघड्याळ आहे.

हे सारे मी हिंदीतून शिकलो. तिथे 'प्रकाश की चाल' म्हणतात; घरी मराठीत चाल म्हणजे गाण्याची. आपल्या मुलांची अशी गंमत रोजच होते. पण डॉ. जयंत नारळीकरही बनारसला शिकले आणि त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथल्या विश्वविद्यालयात गणित शिकवीत, याच सापेक्षतेवर संशोधन करीत. महाराष्ट्राबाहेर वाढल्याने काही अडत नाही.

विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी म्हटले, "खेळात नियम नाही ना? मग तू लिही." पायथन ही संगणकाची भाषा फुकट मिळते. पाच-सहा ओळी पुरतात. यानाच्या वेगाला प्रकाशाच्या वेगाने भागा, वर्ग करा, एकातून वजा करा, वर्गमूळ काढा. पृथ्वीवरच्या वर्षांना त्याने गुणले की यानातली वर्षे मिळतात. प्रकाशाच्या ०.६ वेगाने जा: उत्तर ०.८, पृथ्वीवर दहा वर्षे तर यानात आठ. हे तोंडीही जमते. ०.९९ वेगाला दहा वर्षांची जेमतेम एक वर्ष पाच महिने उरतात. वेग १ च्या पुढे टाकला की वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि संगणक अडून बसतो. मुलाचा प्रश्न तिथे सुटतो.

मग पायी चालणाऱ्याचा वेग टाका. उत्तर नेमके १ येते, म्हणजे काहीच फरक नाही. आइन्स्टाइन चुकला का? नाही. संगणकाची पाटी साधारण सोळा अंकांची, फरक सतराव्या जागी. तो कागदावर कसा काढायचा, हे गणिताच्या सरांना विचारा.

पालकांना विनंती आहे की खेळ बंद करू नका, वेळ बांधून द्या. आणि आज काय कोसळले व का, हे मुलाला जेवताना विचारा. उत्तर देता आले नाही तर तो नुसता वेळ घालवतो आहे असे खुशाल समजा. विश्वस्तांना सांगणे असे की याला नवे संगणक नकोत, जुन्यांवर पायथन चालते. हवा आहे तो शाळा सुटल्यावर थांबणारा एक शिक्षक आणि त्याचे मानधन. तोवर दर शनिवारी दीड तास मी स्वतः संगणक कक्षात बसेन. नववी-दहावीच्या इच्छुकांनी वर्गशिक्षकांकडे नावे द्यावीत. वही-पेन्सिल आणावी, खेळ आणू नये.

— प्राचार्य