उजेडाची फणी

तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ सुरात आल्या की नाद हलके हेलकावे घेऊ लागतो. तारा सेकंदाला किती वेळा थरथरतात हे कानाला मोजता येत नाही, पण त्यांच्यातला फरक हेलकाव्यांवरून लगेच कळतो. प्रकाश मोजणाऱ्यांनी शेवटी हीच युक्ती वापरली.

लाल प्रकाशाची लहर सेकंदाला सुमारे ४५० लाख कोटी हेलकावे घेते. आपली इलेक्ट्रॉनिक यंत्रं अब्जांच्या हिशेबातच दमतात. आणि सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० स्पंदनांवर उभी. मधली दरी ओलांडायला खोल्या भरतील इतकी यंत्रसामग्री एकामागून एक जोडावी लागे, तीही एखाद्याच रंगासाठी.

जर्मनीतल्या गार्शिंगमध्ये थिओडोर हेन्श यांनी वेगळी वाट धरली. काही लेझर अखंड झोत न सोडता फेम्टोसेकंदांचे, म्हणजे कल्पनेपलीकडे आखूड ठोके देतात, अगदी समान अंतरानं. अशा ठोक्यांचा वर्णपट काढला तर सलग इंद्रधनुष्य दिसत नाही, समान अंतरावरच्या लाखो बारीक रेषा दिसतात. पुस्तकात याला ‘वारंवारता कंगवा’ म्हणतात. मला फणीच बरी वाटते. दोन दात्यांमधलं अंतर म्हणजे सेकंदाला पडणाऱ्या ठोक्यांची संख्या, आणि ती यंत्राला सहज मोजता येते.

अडचण एकच होती. फणी शून्यापासून सुरू होत नाही, थोडी सरकलेली असते. किती सरकली आहे?

इथे तंबोरा आठवावा. फणी पूर्ण सप्तकभर, म्हणजे दुप्पट वारंवारतेपर्यंत पसरली, तर लाल टोकाचा एक दाता स्फटिकातून दुप्पट करायचा आणि निळ्या टोकाला, दुप्पट क्रमांकाच्या दात्याशेजारी ठेवायचा. दुप्पट करताना सरकलेपणही दुप्पट होतं, म्हणून दोघांत जो हेलकावा ऐकू येतो तेच ते सरकलेलं अंतर. सप्तकभर पसरण्याची सोय १९९९ मध्ये झाली. बारीक हवेच्या पोकळ्या असलेल्या काचतंतूतून लेझरचे ठोके सोडले की त्यांचा रंग पसरत जातो, हे बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत दिसलं. वर्षभरात अमेरिकेत बोल्डरला जॉन हॉल यांच्या गटानं आणि गार्शिंगला हेन्श यांच्या गटानं फणी बांधून काढली. भौतिकशास्त्राच्या २००५ च्या नोबेलचा अर्धा वाटा हॉल आणि हेन्श या दोघांना मिळाला, उरलेला रॉय ग्लाउबर यांना.

चिलीतल्या ला सिया वेधशाळेत ताऱ्यांचा वर्णपट तपासायला अशी फणी लावून पाहिली गेली. पृथ्वीच्या ओढीनं सूर्य सेकंदाला जेमतेम ९ सेंटीमीटर वेगानं मागेपुढे डुलतो. दुसऱ्या ताऱ्याचं असं डुलणं त्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकण्यावरून टिपायचं तर मोजपट्टी हलता कामा नये. पूर्वी थोरियमच्या दिव्याच्या रेषांवर भिस्त असे. त्या अनियमित अंतरावर असतात, आणि दिवा जुना झाला की किंचित सरकतात. फणीचे दाते मात्र अणुघड्याळाला बांधलेले.