एल्फिन्स्टन, पण कोणते?

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यात रघुजी नावाचे तीन राजे होऊन गेले. पहिले १७५५ साली वारले, दुसरे १८१६ साली आणि तिसरे १८५३ साली. तिसऱ्यांच्या मागे वारस नव्हता, म्हणून डलहौसीने पुढच्याच वर्षी राज्य खालसा केले आणि छत्तीसगडही इंग्रजांकडे गेले. ज्या मुलखात आज दुर्ग, भिलाई आणि सिमेंटच्या कारखान्याचे जामुल आहे, तो भोसल्यांचाच मुलूख. इथल्या मराठी माणसाला ‘रघुजी’ एवढे ऐकून भागत नाही, ‘कोणते रघुजी?’ असे विचारावेच लागते.

दुसऱ्या रघुजींच्या दरबारात १८०४ साली एक पंचविशीचा स्कॉटिश तरुण इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून आला आणि १८०८ पर्यंत नागपुरात राहिला. त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्याच्याही बाबतीत तोच प्रश्न पडतो, आणि महाराष्ट्राने तो फारसा विचारलेला नाही.

जामुलकडचा प्रवासी दुर्गला गाडीत बसून मुंबई गाठतो आणि दादरला उतरून पश्चिम रेल्वेने दक्षिणेकडे निघतो. पहिलेच स्थानक लागते ते प्रभादेवी. २०१८ पर्यंत त्याचे नाव एल्फिन्स्टन रोड होते. बोलताना मुंबईकर नुसते ‘एल्फिस्टन’ म्हणत. पुढे काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेज. बाळशास्त्री जांभेकर त्या संस्थेतले सुरुवातीचे अध्यापक, दादाभाई नौरोजी तिथलेच, आणि डॉ. आंबेडकर १९१२ साली तिथूनच बी.ए. झाले. आणखी थोडे पुढे गेले की हॉर्निमन सर्कल, म्हणजे पूर्वीचे एल्फिन्स्टन सर्कल. ही तिन्ही नावे एकाच साहेबाची, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात कॉलेजचे नाव माउंटस्टुअर्ट यांचे, तर स्थानकाचे आणि सर्कलचे नाव जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे. माउंटस्टुअर्ट १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर होते, जॉन १८५३ ते १८६०. जॉन हे माउंटस्टुअर्ट यांच्या थोरल्या भावाचे चिरंजीव. चुलत्यानंतर सव्वीस वर्षांनी पुतण्या त्याच खुर्चीवर बसला.

मग चेहऱ्यावरून ओळखावे म्हटले, तर चित्रांकडे वळावे लागते, आणि खरी गुंतागुंत तिथेच सुरू होते.

छायाचित्रण येण्यापूर्वी नामवंत माणसाचा चेहरा लोकांपर्यंत पोहोचायचा तो छापाच्या चित्रातून. आधी चित्रकार तैलचित्र रंगवी. मग कोरणारा कारागीर ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवी, कोरलेल्या रेघांत शाई भरी आणि ओला कागद दाबून छाप घेई. मेझोटिंटची रीत उलटी. त्यात सगळा पत्रा आधी खरबरीत करायचा, म्हणजे छाप काळाभोर येतो. मग कपाळावर, गालावर, कॉलरवर जिथे उजेड हवा तिथे तो घासून गुळगुळीत करायचा. काळोखातून चेहरा वर काढण्याचे हे काम पाहणाऱ्याला आजही थक्क करते. तांबे मऊ असल्यामुळे पत्रा लवकर झिजे. १८२० नंतर पोलादी पत्रे आले आणि एकाच पत्र्यावरून हजारो प्रती निघू लागल्या. छापात डावे उजवे होते, हेही ध्यानात ठेवावे लागते. कारागिराने पत्र्यावर चित्र उलटे कोरले नसेल, तर मूळ चित्रात उजवीकडे पाहणारा माणूस कागदावर डावीकडे पाहू लागतो.

चित्राखालचा मजकूर हा या छापांचा जन्मदाखलाच. डावीकडे चित्रकाराचे नाव आणि पुढे ‘पिंक्सिट’, म्हणजे रंगवले. उजवीकडे कोरणाऱ्याचे नाव आणि ‘स्कल्प्सिट’, म्हणजे कोरले. मध्ये साहेबाचे नाव आणि किताब. हा मजकूर कापला गेला की चेहरा पोरका होतो. आणि तो सर्रास कापला गेला. जेम्स ग्रेंजर यांचा इंग्लंडमधील थोरांचा चरित्रग्रंथ १७६९ साली निघाला, आणि पुढे ग्रंथांमधली चित्रे काढून आपल्या प्रतीत चिकटवण्याचा शौकच विलायतेत पसरला. किती पुस्तके त्यापायी उघडी पडली असतील, या विचाराने ग्रंथप्रेमी माणूस आजही हळहळतो.

एल्फिन्स्टन घराण्यात तर मजकूर शाबूत असूनही फसगत होते. अकरावे, बारावे आणि तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, तिघांचेही नाव जॉन. शिवाय किताबामुळे आडनाव लपते ते वेगळेच. १८१५ साली शरण आलेल्या नेपोलियनला सेंट हेलेनाच्या हद्दपारीचा निर्णय कळवणारे अ‍ॅडमिरल, जॉन हॉपनर यांच्यासारख्या चित्रकाराने रंगवलेले, छापांवर ‘लॉर्ड कीथ’ म्हणून येतात. ते जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्ट यांचे सख्खे काका. १७४६ साली लंडनच्या टॉवर हिलवर बंडखोर म्हणून ज्यांचे डोके उडवले, ते लॉर्ड बाल्मेरिनो म्हणजे आर्थर एल्फिन्स्टन. त्यांच्या शिरच्छेदाची चित्रे बाजारात विकली गेली, पण ती पाहताना एल्फिन्स्टन हे नाव कुणाच्या मनात येत नाही. आणखी मागे गेले, तर बिशप विल्यम एल्फिन्स्टन भेटतात. त्यांनी १४९५ साली अ‍ॅबर्डीनचे विद्यापीठ स्थापले आणि स्कॉटलंडच्या पहिल्यावहिल्या छापखान्याला पाठबळ दिले.

सर्वांत मोठा घोटाळा काबूलपाशी होतो. माउंटस्टुअर्ट १८०८ साली नागपुराहून निघाले ते अफगाण दरबारी वकील म्हणून. तिथला राजा शाह शुजा याची भेट पेशावरात १८०९ साली झाली. त्या मुलखावरचा त्यांचा ग्रंथ १८१५ साली निघाला आणि त्यातली अफगाणांच्या पोशाखांची रंगीत चित्रे विलायतेत गाजली. पुढे जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना इंग्रजांचे साडेचार हजार सैनिक आणि सुमारे बारा हजार बाजारबुणगे बर्फात आणि कत्तलीत सापडले. त्या फौजेचे सेनापतीही एल्फिन्स्टनच होते. मेजर जनरल विल्यम एल्फिन्स्टन हे माउंटस्टुअर्ट यांचे चुलतभाऊ. इंग्रजीत काका-मामा एकाच शब्दात आणि चुलत-मावस भाऊ दुसऱ्याच एका शब्दात बसतात. मराठीत ही नाती स्वच्छ उलगडतात, आणि या घराण्याचा गुंता सोडवायला मराठीच बरी पडते. त्या माघारीचे लोकांच्या मनात बसलेले चित्र म्हणजे लेडी बटलर यांनी १८७९ साली रंगवलेले, मरणासन्न घोड्यावरून जलालाबादला पोहोचणारे डॉक्टर ब्रायडन. सेनापती त्या चित्रात नाही. तो एप्रिल १८४२ मध्ये अफगाणांच्या कैदेतच वारला. एका चुलतभावाने त्या देशाची ओळख जगाला करून दिली, दुसऱ्याच्या हातून तिथे फौज गेली. नावावरून दोघांना एक समजणे हा दोघांवरही अन्याय आहे.

माउंटस्टुअर्ट यांच्या चेहऱ्याबद्दल मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट माहीत हवी. सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात उतरलेला हा माणूस एकतीस वर्षांनी परत निघाला. सर थॉमस लॉरेन्स यांनी त्यांचे चित्र रंगवले ते विलायतेत परतल्यावर, म्हणजे पन्नाशीच्या सुमारास, आणि १८३० च्या जानेवारीत लॉरेन्सच वारले. असईच्या रणात वेलस्लीसोबत असलेला, रघुजींच्या दरबारात बसलेला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, पुण्याच्या संगमावरचा आपला बंगला ग्रंथांसकट जळताना पाहिलेला आणि तीन महिन्यांनी साताऱ्याचा जाहीरनामा काढणारा जो एल्फिन्स्टन, तो या चित्रात नाही. दुसऱ्या बाजीरावाची गादी घालवणारा माणूस म्हणून आपण जो चेहरा डोळ्यांसमोर आणतो, तो निवृत्त झालेल्या, पुढे गव्हर्नर जनरलचे पद नाकारणाऱ्या आणि १८४१ साली हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या अभ्यासकाचा आहे.

चुलते आणि पुतणे आज शेजारी भेटतात ते मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत. जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुतळ्यांचेही घर तेच. तिथे दोन्ही एल्फिन्स्टन संगमरवरात आहेत. एक फ्रान्सिस चँट्री यांनी घडवलेला, दुसरा जॉन हेन्री फोली यांनी. फोलींचे लॉर्ड एल्फिन्स्टन म्हणजे सत्तावन्नच्या उठावाच्या काळात मुंबई सांभाळणारे गव्हर्नर. रेल्वे स्थानकावरून गेलेले नाव त्यांचे. चँट्रींचा पुतळा माउंटस्टुअर्ट यांचा. छत्तीसगडचा मुलूख ज्या भोसल्यांच्या हाती होता, त्यांच्या दरबारात चार वर्षे काढलेला माणूस तो हा.