यंदा कोणती झाडं आणाल?

रोपवाटिकेत पाऊल टाकलं की साडीच्या दुकानात होतं तसंच आपलं होतं. जे समोर दिसेल ते हवंसं वाटतं. लालबुंद गुलाब, टपोरी जास्वंद, कळ्यांनी लगडलेला मोगरा! कितीही हात आखडता घेतला तरी चार-पाच रोपं घरी येतातच. पुष्कळ घरांतून पुढची गोष्टही ठरलेली असते. पावसाळाभर रोपं छान वाढतात, दिवाळीपर्यंत मिरवतात आणि मे महिन्यात वाळक्या काड्या काढून रिकाम्या कुंड्या जिन्याखाली जातात. "माझ्या हाताला गुणच नाही बाई," असं म्हणून घरधनीण मोकळी होते.

मैत्रिणींनो, हाताच्या गुणाचा प्रश्न यात फारसा नसतोच. प्रश्न असतो निवडीचा. साडी शोभली नाही तर कपाटात घडी घालून ठेवता येते. झाड जिवंत असतं, रोज पाणी मागतं, आणि ते देणाऱ्या बहुधा आपणच असतो.

आपल्याकडे बागेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते सुरू होतं मृगाच्या पावसाबरोबर, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. म्हणून नव्या झाडांची यादी करायची ती चैत्र-वैशाखात, ऊन रणरणत असताना. पावसाळ्यात कुठलंही झाड जगेलसं वाटतं. खरी परीक्षा उन्हाळ्यात. तेव्हा कागद-पेन्सिल घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: माझ्याकडे ऊन किती? पाणी किती? आणि मला वेळ किती? ही उत्तरं खरी लिहिलीत, तर झाडांची यादी आपोआप तयार होईल.

ऊन कुठलं आणि केव्हाचं?

'आमच्या गॅलरीत ऊन येतं' एवढ्यानं भागत नाही. किती तास येतं ते पाहा. मोगरा, गुलाब, जास्वंद, झेंडू, शेवंती यांना पाच-सहा तासांचं स्वच्छ ऊन लागतं. त्याहून कमी मिळालं तर पानं भरपूर येतील, फुलं मात्र हात राखून.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सूर्य वर्षभर एकाच वाटेनं जात नाही. पुणे-मुंबईच्या पट्ट्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे हिवाळ्यात उन्हानं न्हाऊन निघणारी दक्षिणेची गॅलरी मे-जूनमध्ये सावलीत जाते, आणि एरवी अंधारी वाटणाऱ्या उत्तरेच्या गॅलरीत तेव्हा ऊन डोकावतं. दक्षिणेची गॅलरी असेल तर हिवाळ्यात फुलणारी शेवंती आणि कुंद तिथे खूष राहतील. उन्हाळ्यात बहरणारा मोगरा मात्र पूर्व-पश्चिमेला किंवा गच्चीवरच बरा.

अर्धवट ऊन असेल तर हिरमुसू नका. अबोली अशा जागी छान फुलते आणि वर्षातले बरेच महिने गजऱ्यापुरती फुलं देते. पुदिना, गवती चहा, पानओवा हेही तीन-चार तासांच्या उन्हावर भागवून घेतात.

शेवंतीबद्दल थोडं अधिक सांगते. रात्री मोठ्या झाल्या की ती कळ्या धरते. तुमच्या गॅलरीवर रस्त्याच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल, तर तिला फुलायला उशीर होतो. तिची कुंडी अंधाऱ्या कोपऱ्याकडे सरकवा, म्हणजे काम झालं.

पाण्याचा हिशेब

गावोगावी उन्हाळ्यात पाणी दिवसाआड येतं, कुठे तीन-चार दिवसांनी. अशा वेळी घरात पिण्याच्या पाण्याची चणचण आणि आपण कुंड्यांना पाणी घालतोय हे घरच्यांना खुपतं. आपल्यालाही खुपतंच की! म्हणून हिशेब आधीच करावा. बारा इंची मातीच्या कुंडीला भर उन्हाळ्यात मी रोज दोन लिटर पाणी धरते. दहा कुंड्या म्हणजे वीस लिटर, चांगली मोठी बादलीभर. एवढं पाणी तुम्हाला रोज निघत नसेल, तर दहा कुंड्या ठेवूच नका. पाच ठेवा आणि पाच जगवा.

तांदूळ-डाळी धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठवलं तर दोन-तीन कुंड्यांची सोय सहज होते. मीठ पडलेलं पाणी आणि कपड्यांच्या साबणाचं पाणी मात्र कुंड्यांना घालू नका. कुंडीतल्या मातीवर वाळलेल्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन बोटं जाड थर पसरा. ओल बराच वेळ टिकते.

पाण्याची ओढ असणाऱ्या घरांसाठी कमी मागणी करणारी झाडं पुष्कळ आहेत. सदाफुली मूळची मादागास्करची, पण आपल्या उन्हाला अशी सरावली आहे की जणू इथलीच. तिच्यापासून कर्करोगावरची औषधं काढतात, म्हणून तिचा पाला कुणी घरच्या घरी खाऊ मात्र नये. ती विषारी असते. सकाळी दहाच्या सुमारास उमलणारं, आपण ज्याला 'ऑफिस टाइम' म्हणतो ते फूल थोड्या मातीत आणि थोड्या पाण्यात रंगांची मजा करतं. बोगनवेलीला तर पाणी जास्त झालं की पानंच पानं येतात, जरा ताण बसला की ती फुलते. काटे असतात, म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेवर ती नको. निळी-पांढरी गोकर्णही सोशीक. तिचं बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरलं की झालं. आमच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलींनी ती रिकाम्या डब्यांत लावली आणि खिडकीच्या गजांवर चढवली. खर्च जवळजवळ काहीच नाही!

परसदार असेल तर स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या वाटेवर आळू लावण्याची आपली जुनी रीत चांगलीच आहे. तिथे भांड्यांच्या साबणाचं पाणी जात असेल, तर भाजी धुतलेलं पाणी वेगळं काढून आळवाला घाला.

घरातली माणसं आणि आपला वेळ

घरात रांगतं किंवा नुकतं चालू लागलेलं मूल असेल, तर यादीतून काही नावं सरळ खोडा. कण्हेर आणि पिवळी बिट्टी ही दोन्ही झाडं मुळापासून बियांपर्यंत विषारी. देवाला फुलं हवीत म्हणून ती दारात लावली जातात. पण मूल पान तोंडात घालण्याआधी विचारायला येत नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं डायफेनबेकिया दिवाणखान्यात शोभतं खरं, पण त्याचं पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. मनीप्लँटनंही तोंड चुरचुरतं, तो उंच टांगावा. मूल मोठं झाल्यावर ही झाडं आणता येतील, घाई काय आहे?

गच्चीवर किंवा गॅलरीत कुंड्या ठेवताना वजनाचाही विचार करा. ओल्या मातीनं भरलेली बारा इंची कुंडी वीस-पंचवीस किलोंची होते. कंबर आपली आहे. कठड्यावर तर कुंडी ठेवूच नये, खालून माणसं जातात.

आता वेळ. मी अर्धवेळ शाळेत शिकवते. सकाळी घराबाहेर पडायचं म्हणजे पाणी संध्याकाळीच घालणं होतं. अशा घरात गुलाब एखादाच ठेवावा. त्याला छाटणी लागते, खत लागतं, कलमाच्या खालून येणारे रानटी फुटवे वेळोवेळी काढावे लागतात. त्यापेक्षा कढीपत्ता, गवती चहा, सदाफुली ही समजूतदार मंडळी. कढीपत्ता पहिलं वर्ष-दीड वर्ष सावकाश वाढतो, तेव्हा त्याची पानं ओरबाडू नका. त्यावर फुलपाखराच्या अळ्या येतात, त्या हातानं वेचल्या तरी पुरतं.

सणावारांसाठी झाडं लावायची तर मागून दिवस मोजा. झेंडूला बी पेरल्यापासून फूल यायला दोन-अडीच महिने लागतात. म्हणजे दसऱ्याच्या तोरणासाठी बी आषाढातच मातीत जायला हवं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतात. सण आला की फुलांचे भाव कसे चढतात ते आपल्याला ठाऊक आहेच. चार कुंड्यांतला झेंडू घरच्या तोरणाचा पुष्कळसा भार उचलतो. गणपतीसाठी दूर्वा एका पसरट ट्रेमध्येही होतात.

रोप निवडताना

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं. असं प्रदर्शन पाहायला जरूर जा, पण खरेदीपेक्षा नावं टिपून घेण्यासाठी. खरेदी पाऊस सुरू झाल्यावर, जवळच्या रोपवाटिकेतून करा. तिथली झाडं तुमच्याच हवेत वाढलेली असतात.

फुलांनी भरलेलं रोप उचलू नका, कळ्या आणि नवी पालवी असलेलं घ्या. पान उलटं करून बघा. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ते रोप तिथेच राहू द्या. सोनचाफा घ्यायचा तर कलमीच घ्या, बियांचं झाड फुलायला आठ-दहा वर्षंही घेतं. घरी आणलेलं नवं रोप पंधरा दिवस बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, आणि कुंडी बदलायची ती ऊन उतरल्यावर.

आणि हो, सगळंच विकत घ्यायला हवं असं नाही. पानओव्याची फांदी, जास्वंदीची काडी, शेवंतीचे मुनवे, गवती चहाचा ठोंब हे शेजारणीकडून किंवा जाऊबाईंकडून मागून आणावं. आपल्याकडचं काही त्यांना द्यावं. भाजीवाल्याकडच्या पुदिन्याच्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या तरी मुळं फुटतात.

यादी झाली की एकदा वाचून पाहा. तुळस पूजेसाठी, जास्वंद गणपतीसाठी, कढीपत्ता फोडणीसाठी, गवती चहा 'ह्यांच्या' सर्दीसाठी, अबोली लेकीच्या वेणीसाठी. सगळं योग्यच आहे. पण या यादीत तुमचं स्वतःचं झाड कुठलं? जे कुणाच्या उपयोगाचं नसलं तरी चालेल, जे नुसतं तुम्हाला आवडतं म्हणून असेल? दुपारी सगळं आवरल्यावर ज्याच्याजवळ पाच मिनिटं उभं राहावंसं वाटेल? ऊन, पाणी आणि वेळ यांच्या हिशेबात बसणारं असं एक झाड यादीच्या शेवटी नव्हे, अगदी वर लिहा. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं आणि एखाद्या कुंडीवर पाणी सोडायची वेळ आली, तर ती कुंडी त्या झाडाची असू नये.