विश्लेषण : ‘पुढचे पान’ उघडताना नोंदी हरवतात कशा?

समजा, राज्यातील बाजार समित्यांमधील कांद्याच्या दरांचा वर्षभराचा तक्ता तयार करायचा आहे. संकेतस्थळावर एका पानावर २० नोंदी दिसतात, खाली ‘पुढे’ असे बटण असते. एकेक पान उघडून नोंदी उतरवून घेणारा प्रोग्रॅम लिहिला आणि तो विनातक्रार शेवटपर्यंत चालला. तरीही काही नोंदी गायब असू शकतात. याचे कारण पेजिनेशन, म्हणजे माहितीची पानांत केलेली विभागणी.

नोंदी निसटतात कशा?

अनेक ठिकाणी दुसरे पान म्हणजे ‘पहिल्या २० सोडून पुढच्या २०’. पहिले पान वाचून होताच वर तीन नव्या नोंदी आल्या, तर आधीच घेतलेल्या तीन नोंदी दुसऱ्या पानावर पुन्हा भेटतात. उलट, पहिल्या पानावरील तीन नोंदी काढून टाकल्या, तर दुसऱ्या पानावरच्या तीन वर सरकतात आणि हाती लागतच नाहीत. दुबार नोंदी नंतर वगळता येतात. निसटलेल्या मात्र कळतही नाहीत आणि सरासरी दर चुकतो.

उपाय काय?

पानाच्या क्रमांकाऐवजी खुणेवर विसंबणे. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्या एपीआयमधून सामान्य वापरकर्त्याला लेखांची ५०० पर्यंत शीर्षके एका वेळी मिळतात. यादी उरली असेल तर सोबत ‘कंटिन्यू’ ही खूण येते. ती परत पाठवली, की यादी तिथूनच पुढे सुरू होते. अशी सोय नसेल, तर नोंदी जुन्याकडून नव्याकडे मागवाव्यात. म्हणजे नव्या नोंदी शेवटी जोडल्या जातात.

बटणच नसेल तर?

स्क्रोल करताच नवी माहिती येत असेल, तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील ‘नेटवर्क’ विभाग पाहावा. ती कोणत्या पत्त्यावरून येते, ते तिथे दिसते.

थांबायचे कुठे?

काही संकेतस्थळे शेवटच्या पानानंतरही तेच पान दाखवत राहतात. त्यामुळे नवी नोंद न आल्यास प्रोग्रॅमने थांबावे. इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीत मूळ सेटिंगनुसार १०,००० निकालांपलीकडे पाने उलटता येत नाहीत. अशा वेळी जिल्हा किंवा महिन्यानुसार तुकडे पाडून माहिती मागवावी. दोन विनंत्यांमध्ये थोडा वेळ सोडावा, संकेतस्थळाचे नियमही पाळावेत.

शेवटी दुबार नोंदी वगळून उरलेली संख्या संकेतस्थळावरील एकूण संख्येशी ताडून पाहावी. ताळा जुळल्याशिवाय सरासरी काढू नये.