जुनी हेराल्ड घ्यावी, पण इंजिन उघडून

अड्यार किंवा मैलापूरमधल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली एक मोटार उभी असते. ताडपत्री ओढली की धूळ उडते आणि खालून डोकावते स्टँडर्ड हेराल्ड. दिव्यांवर भुवया, मागे दोन छोटे पंख, आणि दारे अगदी हलकी. मालक सांगतो, "इंजिनाचे थोडेसे काम आहे, एवढेच." नोकरीसाठी पुण्याहून चेन्नईला आलेल्या गृहस्थांचे डोळे चमकतात. लहानपणी शेजारच्या डॉक्टरांकडे अशीच गाडी असायची. पत्नीची नजर मात्र बसलेल्या टायरांवर जाते. "अहो, ही चालू होत नाही, तर घरी न्यायची कशी, ते तरी विचारा!"

प्रश्न रास्त आहे; पण त्याआधी विचारायला हवेत असे आणखी चार प्रश्न आहेत. जुन्या मोटारीच्या मोहात पडलेली माणसे बहुधा चुकीच्या गोष्टीला घाबरतात. बंद पडलेल्या इंजिनाची त्यांना भीती वाटते आणि चकाकणाऱ्या रंगावर ती विश्वास ठेवतात. हेराल्डच्या बाबतीत तरी खरी गोष्ट याच्या जवळजवळ उलट आहे.

या शहराची गाडी

हेराल्ड ही मद्रासचीच लेक. वंडलूरजवळच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात १९६१ पासून ती तयार होऊ लागली. मूळ ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्ड १९५९ मध्ये आली होती आणि तिचा आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटला होता. अँबॅसॅडर आणि फियाट यांच्या जोडीला भारतीय रस्त्यावर दिसणारी ही तिसरी गाडी, आणि तिघींत सर्वांत नखरेल. पुढे १९७२ मध्ये तिची जागा गॅझेलने घेतली. १९८५ मध्ये मोठा गाजावाजा करून आलेली स्टँडर्ड २००० काही चालली नाही आणि त्यानंतर कंपनीच उरली नाही. याचा सरळ अर्थ असा, की आज या गाडीला वाली कोणी नाही. सुटा भाग मिळाला तर तो जुन्या साठ्यातून, मोडीत काढलेल्या गाडीतून किंवा परदेशातून मिळतो.

तरीही हेराल्ड घ्यायचीच असेल, तर चेन्नईसारखे दुसरे गाव नाही. या शहराच्या हाताला यंत्राची सवय जुनी आहे. सिम्पसनच्या कारखान्यात १९०३ मध्येच वाफेवर चालणारी मोटार बांधली गेली होती. पिस्टन, बसगाड्या, मोटारसायकली आणि रेल्वेचे डबे हे सारे इथे बनत आले. त्यामुळे बोअर करणारे, क्रँक घासून देणारे लेथवाले इथे शोधत हिंडावे लागत नाही. माउंट रोडमागचा जनरल पॅटर्स रोड सुट्या भागांसाठी आणि एग्मोरजवळचे पुदुपेट्टै मोडीतल्या मालासाठी वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे.

"थोडेसे काम" म्हणजे किती?

हेराल्डचे इंजिन ९४८ सीसीचे, चार सिलिंडरचे आणि बिडाच्या ब्लॉकचे. आजच्या इंजिनांपुढे ते फार साधे आहे. शिवाय बॉनेट पुढच्या बाजूला कलले की गाडीचा सगळा पुढचा भाग उघडतो आणि मेकॅनिक चक्क टायरवर बसून काम करतो. अशी सोय फार थोड्या गाड्यांत असेल.

इंजिन चालू होत असेल, तर पाहायला जाण्यापूर्वी मालकाला एक विनंती करावी: आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गरम इंजिन आपले दुखणे लपवते. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना निळा धूर निघाला, तर ऑइल जळत आहे असे समजावे; रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेले असतील. पांढरा धूर थांबतच नसेल आणि डिपस्टिकवरचे ऑइल फिल्टर कॉफीच्या रंगाचे दिसत असेल, तर ऑइलात पाणी शिरले आहे. हेड गॅस्केट गेले असेल तर खर्च आवाक्यातला. ब्लॉकला तडा असेल तर गोष्ट वेगळी. खालून येणारा जड ठोका ऐकू आला, तर बेअरिंगे गेली असे धरून चालावे.

एक तपासणी अवघ्या अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती दोघांनी मिळून करायची. एकाने क्लच दाबायचा आणि सोडायचा, दुसऱ्याने इंजिनाच्या पुढच्या पुलीवर नजर ठेवायची. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढेमागे सरकत असेल, तर क्रँकला आडवणारे अर्धगोल वॉशर झिजले आहेत. या जातीच्या इंजिनाचे हे जुने दुखणे. वॉशर नवे घालणे स्वस्त. पण ते गळून पडल्यावरही गाडी हाकली गेली असेल, तर क्रँक ब्लॉकलाच खात जातो. मग दुसरा ब्लॉक शोधण्याची पाळी येते.

इंजिन जाम असेल, तर यांतले काहीच करता येत नाही. अशा वेळी सौद्याची एकच पद्धत खरी: बयाणा देण्यापूर्वी मालकाच्या परवानगीने, त्याच्याच अंगणात, आपल्या मेकॅनिककडून हेड आणि खालचे ऑइलचे चेंबर उतरवून घ्यावे. मजुरी आपण द्यावी, गॅस्केटचे पैसेही आपणच द्यावेत. विकणाऱ्याने याला साफ नकार दिला, तर इंजिन पूर्ण निकामी आहे असे गृहीत धरून किंमत सांगावी. हे बोलायला संकोच वाटतो, विशेषतः समोर वयस्कर गृहस्थ असतील आणि ती त्यांच्या वडिलांची गाडी असेल तर. पण इथला संकोच फार महाग पडतो.

उघडल्यावर काय पाहायचे? बोअर आणि क्रँक यापूर्वी किती वेळा घासले आहेत, हे. मेकॅनिक मंडळी "दहा, वीस, तीस" असे आकडे सांगतात. क्रँक शेवटच्या आकड्याला पोहोचला असेल, तर आणखी घासायला वाव नाही. बोअर संपले असतील तर स्लीव्ह घालून काम भागते. परदेशातून भाग मागवताना एक लक्षात ठेवावे: ब्रिटनमध्ये जास्त खपलेल्या ११४७ सीसीच्या हेराल्डचे पिस्टन आपल्या ९४८ ला बसत नाहीत.

हेड उतरलेच आहे, तर व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या करून घ्याव्यात. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलसाठी घडवलेले आहे आणि ते पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले. त्यात आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचे मिश्रण मिळते. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्यापुढे टिकत नाहीत. तेही बदलावे लागतात. पेट्रोल गळून आग लागण्याचा धोका असल्याने इथे काटकसर नको.

इंजिनाहून मोठा खर्च

ही सगळी दुखणी बरी होणारी आहेत. गंज मात्र बरा करणे कठीण. हेराल्डची बॉडी वेगळ्या चासीवर बोल्टने बसवलेली असते आणि चासीच्या फांद्या आतून सडतात. समुद्राची खारी हवा तर आहेच. शिवाय डिसेंबर २०१५ च्या पुरात शहरातल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. म्हणून सीटखाली गाळ आहे का, दारांच्या आत पाण्याची रेघ उमटली आहे का, हे पाहावे. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने चासी ठोकत जावी. टणक आवाज यायला हवा. टोक आत रुतले तर हात जोडून घरी परतावे.

कागद

आरसी बुकातला इंजिन क्रमांक आणि ब्लॉकवरचा क्रमांक एकच असला पाहिजे. पेट्रोल वाचवण्यासाठी कोणी मधल्या काळात दुसरेच इंजिन बसवले असेल आणि त्याची नोंद नसेल, तर नाव बदलताना अडचण येते. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणून मूळ इंजिन मोडकळीला आलेले असले, तरी चालू अवस्थेतल्या परक्या इंजिनापेक्षा ते मोलाचे.

मात्र व्हिंटेज गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच तिला मोकळीक. रविवारी मुलांना घेऊन बेझंटनगरच्या समुद्रावर जायचे स्वप्न असेल, तर साध्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहावे लागते. त्याची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ मध्ये १०,००० वर गेली. पुढेमागे पुण्याला परतायचे असेल, तर तमिळनाडूचे ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्रातील कर हेही हिशेबात धरावे.

हिशेब घरात बसून, दोघांनी मिळून, कागदावर करावा. गाडीची किंमत, इंजिनाचे काम, ब्रेक, टायर, वायरिंग आणि कागदपत्रे यांची बेरीज करून तिच्या निम्मी रक्कम वर धरावी, कारण जुन्या गाडीत एक नट सोडवला की दुसरा तुटतो. हा आकडा मुलांच्या फीला किंवा घराच्या हप्त्याला हात न लावता निघत असेल, तरच पुन्हा त्या पोर्चमध्ये जावे. कर्ज काढून ही हौस करू नये. अर्धवट उघडलेले इंजिन आणि थकलेला हप्ता, ही जोडी घरात फार भांडणे लावते.

आणि घरी न्यायची कशी? सपाट ट्रकवर चढवून. बॅटरी जोडून "एकदा चालू करून तर पाहू" हा आग्रह मालकाचा असो वा मेकॅनिकचा, मोडून काढावा. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात रिंगा बोअरला चिकटलेल्या असतात. झटका बसला की त्या तुटतात. चारही प्लग काढून सिलिंडरांत थोडे थोडे ऑइल सोडावे, दोन-चार दिवस थांबावे आणि मग पुलीच्या नटाला पाना लावून हातानेच हळूहळू फिरवावे. ते फिरले की पहिला पेढा पत्नीला द्यावा.